जुन्या ‘चॅम्प’ विमानाचे स्पार बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोतल्या एका छोट्या धावपट्टीलगतच्या पत्र्याच्या हँगरमध्ये मी १९४६ सालचं अ‍ॅरोन्का चॅम्प विमान पूर्ण खोललं आणि परत जोडलं. शनिवार-रविवार धरून चार वर्षं लागली. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, पुण्याहून येणाऱ्या फोनवर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ईमेलमध्ये तेच तेच प्रश्न येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. हे नेमकं कोणतं विमान? नाव कधी ऐकलं नाही.

अ‍ॅरोन्का ही ओहायोचीच कंपनी. १९२८ साली सिनसिनाटीत सुरू झाली, १९३७ च्या महापुरात तिचा कारखाना बुडाला आणि पुढे ती मिडलटाउनला गेली. दुसरं महायुद्ध संपता संपता तिने ‘७एसी चॅम्पियन’ बाजारात आणलं, त्यालाच सगळे लाडाने चॅम्प म्हणतात. माणसं दोन, एकामागे एक. इंजिन कॉन्टिनेंटल ए-६५, म्हणजे ६५ अश्वशक्तीचं. पंखांचा विस्तार ३५ फूट, भरलेलं वजन जास्तीत जास्त १,२२० पौंड, म्हणजे साधारण ५५३ किलो. टाकीत १३ गॅलन पेट्रोल मावतं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. युद्धावरून परतलेला प्रत्येक जण आता विमान घेणार अशा हिशेबाने ही विमानं सात हजारांहून जास्त बनली. तेवढी गिऱ्हाइकं आली नाहीत ही गोष्ट वेगळी.

२. लाकडाचं विमान? म्हणजे सगळंच लाकडाचं?

नाही. धड स्टीलच्या नळ्या जोडून केलेलं, वरून कापड. लाकूड आहे ते पंखात. कोकणातल्या जुन्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा: कौलं दिसतात, पण भार तुळईवर असतो. विमानाच्या पंखात त्या तुळईला स्पार म्हणतात. चॅम्पच्या प्रत्येक पंखात असे दोन, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही स्प्रूस नावाच्या झाडाच्या अखंड फळीचे, सोळा-सतरा फूट लांब. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बरगड्या खिळ्यांनी बसवलेल्या आणि त्यावर कापड ताणलेलं. हवा कापडाला उचलते, कापड बरगड्यांना, बरगड्या स्पारला, आणि स्पार मुळाशी व तिरप्या टेकूमधून आख्ख्या विमानाला. म्हणजे दोन माणसं, इंजिन, पेट्रोल, सगळं त्या चार फळ्यांना लटकलेलं असतं.

३. ऐंशी वर्षांचं लाकूड भरवशाचं कसं असेल?

नुसत्या वयाने लाकूड मरत नाही. आपल्याकडच्या वाड्यांची खांब-तुळई दोनशे वर्षं उभी असते, देवळांची त्याहून जास्त. लाकडाला मारतात त्या तीन गोष्टी: ओल, मार आणि मधल्या काळातला ‘जुगाड’. कोरड्या हँगरमध्ये राहिलेला, कधीही जमिनीला न टेकलेला स्पार १९४६ सालचा असला तरी उत्तम असू शकतो. माझ्या विमानाचा उजवा मागचा स्पार अजून कारखान्यातलाच आहे. बाकीचे तीन बदलावे लागले. एकच का ठेवला, ते प्रश्न १५ मध्ये.

४. स्पारमध्ये नेमकं बिघडतं तरी काय?

सगळ्यात लबाड बिघाड म्हणजे दाबाचा तडा. लाकूड ताण चांगलं सोसतं, पण दाबाखाली त्याचे तंतू आतल्या आत चुरगळतात, वाकवलेल्या स्ट्रॉवर आडवी सुरकुती पडते तसे. फळी तुटत नाही, आवाज येत नाही, आकारही बदलत नाही. फक्त तंतूंना आडवी जाणारी एक केसासारखी, किंचित नागमोडी रेघ उमटते. तेवढ्यावर स्पारची ताकद किती उरली हे कोणीही सांगू शकत नाही.

ही रेघ कुठेही येत नाही. टेकू जिथे स्पारला जोडलेला असतो तिथे दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवून स्पार जाड केलेला असतो. जाड भाग संपून नुसती फळी जिथे सुरू होते, त्या कडेला, बहुधा पुढच्या स्पारच्या वरच्या अंगाला ती सापडते. उडताना किंवा पंखाचं टोक जमिनीवर आपटल्यावर टोक वर ढकललं जातं, स्पारची वरची कड दाबली जाते, आणि कडकपणा जिथे एकदम बदलतो तिथे तंतू हार मानतात.

माझ्या डाव्या पंखाचं कापड फाडल्यावर स्पार अगदी मधाच्या रंगाचा, चकचकीत दिसत होता. मला आनंद झाला. माझ्यावर देखरेख करणाऱ्या मेकॅनिकने काही न बोलता हँगरचे दिवे बंद केले आणि टॉर्च स्पारला जवळपास टेकवून, तंतूंच्या दिशेने, लांबीला समांतर धरली. पट्टीच्या कडेपासून दोन बोटं बाहेर रेघ चमकली. वरून उजेड टाकला की गायब, आडवा टाकला की हजर. मी त्यावर नख फिरवलं, नखाला काहीच लागलं नाही.

बाकीचे बिघाड त्या मानाने सरळ. मुळाशी बोल्टच्या भोकांमधून लांबीला जाणाऱ्या चिरा. बरगडीच्या खिळ्यापासून सुरू झालेल्या चिरा, किंवा लाकूड आक्रसून ढिले पडलेले आणि कुठे गायबच झालेले खिळे. गंजलेल्या बोल्टभोवती काळपट डाग. लंबगोल झालेली भोकं. आणि कूज: पेचकसाचं टोक दाबलं की स्पंजासारखं आत जातं, टकटक केली तर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो.

५. कापड न काढता स्पार तपासता येत नाही का?

बराच तपासता येतो, पूर्ण नाही. पंखाच्या खालच्या अंगाला तपासणीची गोल झाकणं असतात, नसली तर योग्य जागी बसवून घेता येतात. त्यातून आरसा, वाकवता येणारा दिवा आणि बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत जातो. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या सरकारी खात्याने, या घराण्यातल्या लाकडी स्पारच्या विमानांसाठी एडी २०००-२५-०२ हा आदेश काढला तो याचसाठी: दाबाचे तडे, लांबीच्या चिरा, ढिले किंवा गायब खिळे शोधा. तुमच्या मॉडेलला तपासणी कधी आणि किती वेळा लागू होते ते त्या आदेशाच्या सुधारित आवृत्तीत मॉडेलवार वाचा. हँगरमधल्या गप्पांवर विसंबू नका.

झाकणातून न दिसणारी जागा म्हणजे प्लायवूडच्या पट्टीखालचं लाकूड आणि बरगडीच्या मागचा भाग. संशय असेल तर कापड कापायचं. पंखाच्या कापडापेक्षा पंख महाग असतो.

६. एक चॅम्प विकायला आहे, रंग एकदम नवा आहे. घेऊ का?

नवा रंग बघून मी जास्त सावध होतो. रंग आणि कापड बाहेरून दिसतं म्हणून विकणारा आधी तिथेच पैसे घालतो. आधी नोंदवही मागा. त्यात ‘पंखाच्या टोकाची कड बदलली’ अशी एखादी साधी ओळ दिसली की तिथे बोट ठेवा. टोक आपोआप मोडत नाही. शेपटीला चाक असलेलं विमान उतरताना गर्रकन फिरतं, याला इकडे ‘ग्राउंड लूप’ म्हणतात, आणि बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला टेकतो. टोक मोडलं ते दिसलं, बदललं. पण तो धक्का तिथेच थांबला असेल असं नाही. माझ्या नोंदवहीत १९५० च्या दशकातली अशीच दीड ओळ होती, आणि प्रश्न ४ मधली रेघ त्याच पंखात निघाली. ती घेऊन विमान किती वर्षं उडत होतं याचा विचार मी आता करत नाही.

नोंदवहीच नसेल तर प्रश्न १६ बघा.

७. तडा गेला तर पूर्ण स्पार बदलायलाच हवा का? सांधा मारता येत नाही?

सांधा मारायची मान्य पद्धत आहे आणि ती एफएएच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत आकृत्यांसह दिली आहे. दोन्ही टोकं लांब तिरपी तासून, साधारण एकास दहा ते एकास बारा उतारावर, एकमेकांवर चिकटवायची आणि वरून प्लायवूडच्या पट्ट्या लावायच्या. नीट केलेला सांधा मूळ लाकडाइतका भरवशाचा असतो.

पण दोन अटी आहेत. एका स्पारमध्ये दोनपेक्षा जास्त सांधे चालत नाहीत. आणि पंखाचा मुळाचा जोड, टेकूचा जोड अशा धातूच्या फिटिंगखाली सांधा येता कामा नये. आता गंमत बघा: दाबाचा तडा येतो तो नेमका टेकूच्या शेजारी. म्हणजे सांध्याची सगळ्यात जास्त गरज जिथे, बहुतेक वेळा तिथेच जागा नाही. म्हणून अशा तड्याला शेवटी नवा स्पार हेच उत्तर निघतं. टोकाकडची कूज किंवा चीर असेल तर मात्र सांधा जरूर विचारात घ्या.

८. भोक थोडं मोठं करून जाड बोल्ट टाकला तर?

नाही. लांबट झालेल्या भोकासाठी किंवा भोकाजवळच्या चिरेसाठी दोनच मार्ग: तेवढा भाग कापून नव्या लाकडाचा सांधा, नाहीतर नवा स्पार. भोक जेवढं मोठं तेवढं आजूबाजूचं लाकूड कमी.

९. सागवानासारखं लाकूड असताना स्प्रूसच का? आमचे सुतार हसतात.

सुतारमामांचं बरोबर आहे, दारं-खिडक्यांसाठी. सागवान ओल आणि वाळवी दोन्हीला दाद देत नाही. पण ते स्प्रूसच्या जवळपास दीडपट जड आहे आणि तेलकट असल्यामुळे गोंद धरायला कुरकुर करतं. विमानात प्रश्न ‘किती मजबूत’ एवढाच नसतो, ‘एका किलोमागे किती मजबूत’ असा असतो. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या ओल्या, थंड किनाऱ्यावर वाढणारा सिटका स्प्रूस तिथे बाजी मारतो. झाड प्रचंड उंच, तंतू सरळ आणि लांबच लांब फळी विनागाठीची मिळते. मिळायची म्हणू या. आता तशी रुंद, पूर्ण लांबीची फळी शोधायला वेळ लागतो आणि पैसेही.

एसी ४३.१३-१बी मध्ये पर्यायी लाकडांची यादी आहे. डग्लस फर ताकदीला स्प्रूसच्या वर आहे, पण वजनदार आणि काम करताना चिरायला उतावीळ. मी एक तुकडा घेऊन रंधा मारून पाहिला आणि स्प्रूसकडे परत आलो.

१०. फळी चांगली आहे हे कसं ओळखता?

नियम पुस्तिकेत आहेत, नजर मात्र कमवावी लागते. टोकाकडून बघितल्यावर एका इंचात वाढीची निदान सहा वलयं हवीत. तंतूंचा तिरकसपणा एकास पंधराहून जास्त नको, म्हणजे पंधरा इंच लांबीत तंतू एका इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. लाकडातला ओलावा ८ ते १२ टक्के.

वलयांच्या रेषा बघून तंतूंची दिशा ओळखायला गेलात तर फसाल. वरवर सरळ दिसणाऱ्या फळीत तंतू झाडाभोवती पीळ घेऊन वर गेलेले असू शकतात. त्यावर जुनी युक्ती आहे, फाउंटन पेनची पातळ शाई. एक थेंब टाकायचा आणि वाट बघायची. शाई तंतूंच्या वाटेने पसरते, रेषांच्या नाही. माझ्याकडे शाळेतल्या सवयीची निळी दौत होतीच. पाच फळ्यांपैकी एकीवर शाई चक्क तिरपी धावली, बाहेरून ती फळी सगळ्यांत देखणी होती. तिची आता हँगरमध्ये मांडणी आहे.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. जिथे काम करणार तिथेच आडवं, खाली सारख्या अंतरावर ठोकळे देऊन, काही आठवडे मुरू द्या.

११. कोणता गोंद वापरलात? साध्या सुतारी गोंदाने चालेल का?

नाही. फर्निचरचा पांढरा गोंद सतत भाराखाली हळूहळू सरकतो. टेबलाला ते चालून जातं.

१९४० च्या दशकातल्या बऱ्याच विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद असे. ओल लागली की त्याला बुरशी खाते, म्हणून तो आता बाद. त्यानंतरचा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद उष्ण, दमट हवेत लवकर खराब होतो. मुंबईसारख्या हवेत त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. एफएएची पुस्तिका ज्याच्यामागे ठाम उभी आहे तो रिसॉर्सिनॉल: काळसर तांबडा, दोन भाग मिसळून करायचा. तो पाण्याला दाद देत नाही, पण माणसाला कामाला लावतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत, कारण फट भरून काढणं त्याच्या स्वभावात नाही. स्प्रूससारख्या मऊ लाकडावर दाब १२५ ते १५० पौंड प्रति चौरस इंच हवा. आणि तापमान २१ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर तो धड पकडत नाही. ओहायोच्या मार्चमध्ये मी चिकटवलेल्या भागावर गोधड्या टाकून, आत हीटर लावून, रात्रभर थर्मामीटरकडे बघत बसलो होतो. बायकोने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ओळ होती ‘बाळंतीण’.

इपॉक्सी जास्त क्षमाशील आहे, लहान फट भरून घेतो, कमी दाबात काम होतं. पण काही इपॉक्सी उन्हात तापल्यावर मऊ पडतात, म्हणून त्यावर गडद रंगाचा पंख नको. मी पट्ट्यांना रिसॉर्सिनॉल वापरला, हे माझं मत समजा, तुमच्या मेकॅनिकचं वेगळं असू शकतं.

दोन सूचना सगळ्यांना लागू. चिकटवायचा पृष्ठभाग धारदार रंध्याने काढा, पॉलिशपेपरने घासू नका. बारीक भुकटी लाकडाची छिद्रं बुजवते. आणि प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदातून उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे चिकटवून, तारीख लिहून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी हातोडीने तोडा. लाकूड फाटलं तर जोड चांगला. गोंदाची रेघ स्वच्छ उकलली तर त्या दिवसाचं सगळं काम परत करा. मला एकदा करावं लागलं.

१२. नव्या स्पारला भोकं कशी पाडलीत? जुना स्पार वर ठेवून?

तोच मोह सगळ्यांना होतो. पण जुना स्पार ऐंशी वर्षांत आक्रसलेला असतो, त्याची भोकं झिजलेली असतात. त्याची नक्कल म्हणजे त्याच्या चुकांचीही नक्कल. मापं मंजूर आराखड्यावरून घ्यायची, जुना स्पार ‘आपण काही विसरलो का’ एवढ्यासाठी शेजारी ठेवायचा.

स्प्रूस मऊ आहे, साधा ड्रिल बिट तंतू फाडत जातो आणि पलीकडे बाहेर पडताना ढलपी उडवतो. मधे अणकुची आणि कडेला धार असलेला बिट, उभं ड्रिल मशीन, आणि खाली घट्ट दाबलेली वाया घालवायची फळी. भोक आधी किंचित लहान पाडून मग रीमरने मापाला आणायचं. नंतर पातळ वार्निश भोकात आतून फिरवायचं, कारण ओल तिथूनच शिरते. बोल्ट हाताने, थोडा जोर देऊन सरकला पाहिजे. हातोडी लागली तर थांबा. आणि नट आवळताना मोटारीच्या नटाला लावतो तसा जोर लावू नका, लाकूड वॉशरखाली दबतं. काही महिन्यांनी लाकूड किंचित बसतं, तेव्हा नट परत तपासायचे.

खऱ्या स्पारला हात लावण्याआधी मी तुकड्यांवर साठेक भोकं पाडली. एका स्पारला शंभर तास गेल्यावर शेवटच्या भोकाला हात थरथरतो, तेव्हा ती साठ भोकं कामाला येतात.

१३. पंख परत जोडल्यावर तो सरळ आहे हे कसं कळतं?

गवंडी जोत्याची आखणी करताना दोन्ही कर्ण मोजतो, तसंच. पंखाच्या आत दोन स्पारमध्ये आडवे दांडे आणि फुलीच्या तारा असतात, त्यांनी पंखाचे चौकोनी खण पडतात. लांब पट्टीवर दोन सरकती टोकं बसवलेला ट्रॅमल घेऊन प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण मोजायचे. मुळाकडच्या खणापासून सुरुवात, एक तार सैल, दुसरी घट्ट, कर्ण सारखे होईपर्यंत. मधून मधून स्पारच्या कडेला दोरी ताणून बघायचं, तारा आवळताना फळी कमानीसारखी वाकली तर कर्ण जुळूनही पंख वाकडाच.

बरगड्या त्याआधी एकेक करून स्पारवर सरकवायच्या असतात. क्रम आणि दिशा चुकली तर परत सगळ्या काढा. खोलतानाच प्रत्येकीवर नंबर टाका आणि फोटो काढा. नवे खिळे ठोकण्याआधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर प्रश्न ४ मधल्या चिरा तुम्हीच सुरू कराल.

१४. कापडाला इस्त्री करतात हे खरं आहे?

खरं आहे, आणि घरची इस्त्री चालते. पूर्वी सुती कापड असे, ते लाखेसारख्या ‘डोप’ने ताणलं जाई आणि बाहेर उभ्या विमानावर काही वर्षांत कुजे. आता पॉलिएस्टर. कापड कडांना चिकटवायचं आणि इस्त्रीने टप्प्याटप्प्याने आक्रसवायचं. पॉली-फायबर पद्धतीत शेवटचा टप्पा ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७७ सेल्सिअस. त्याच्या वर गेलं की कापड सैल पडतं, मग ते काढूनच टाकावं लागतं. इस्त्रीवरच्या ‘कॉटन’, ‘सिल्क’ या खुणांवर विश्वास नको, थर्मामीटर लावून प्रत्येक तापमानाची खूण स्वतः करा. कापड बरगडीला धरून ठेवायची पद्धत मात्र ज्या विमानाची जी मंजूर आहे तीच. शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर, तो ऊन अडवतो. रंग शोभेचा.

कापड चढवण्याआधी पंख मेकॅनिकला दाखवा आणि सही घ्या. घाईत विसरलेले लोक मी पाहिलेत, त्यांना नवं कापड कापावं लागलं.

१५. एकच स्पार बदलला तर चालतो का? की चारही बदलायचे?

चालतो. नवा आणि जुना स्पार एका पंखात सुखाने नांदतात. पंख उघडलाच आहे तर चारही बदलून टाका, असं सांगणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. माझा उजवा मागचा स्पार टॉर्चने, ओलावा मापकाने, आणि मेकॅनिकच्या टकटकीने तीनदा तपासला. त्यात खोट नव्हती. १९४६ सालच्या लाकडात इतकी दाट वलयं आहेत की तसं लाकूड मला आज मिळालं नसतं. ते फेकून नवं घालणं म्हणजे नुसती हौस.

एका बाबतीत मात्र अपवाद करा. एका बाजूचा पंख जमिनीला टेकल्याची नोंद असेल, तर दुसऱ्या बाजूलाही तितक्याच संशयाने बघा, धक्का धडातून पलीकडे जातो.

१६. विमानाची जुनी कागदपत्रं हरवली आहेत. काय करावं?

अमेरिकेत नोंदलेल्या विमानाची फाइल एफएएच्या ओक्लाहोमा सिटीच्या कार्यालयातून मागवता येते. त्यात मालकांची साखळी आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ‘फॉर्म ३३७’ असतात. मात्र फॉर्म नाही म्हणजे दुरुस्ती झालीच नाही असं समजू नका. जुन्या काळी शेतावरच्या खळ्यात बरंच काही दुरुस्त होऊन जाई. अशा विमानाचा प्रत्येक स्पार तडा गेलेलाच आहे असं धरून तपासा.

१७. लाकडाची एवढी कटकट, मग अ‍ॅल्युमिनियमचे स्पार का नाही घातले?

घालता येतात, त्यासाठी स्वतंत्र मंजुरी, म्हणजे एसटीसी असलेला संच लागतो. चॅम्पचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मूळ आराखड्याची सरकारी मंजुरी, आता विस्कॉन्सिनमधल्या अमेरिकन चॅम्पियनकडे आहे, त्यांच्या आजच्या विमानांत धातूचेच स्पार असतात. रोज विद्यार्थी शिकवायचे असतील तर मीही तेच केलं असतं. मला १९४६ सालचं विमान १९४६ सारखं हवं होतं, आणि लाकडावर रंधा मारायला आवडतो. दुसरं कारण पहिल्यापेक्षा खरं आहे.

१८. तुम्ही तर आयटीवाले. हे सगळं स्वतः करायची परवानगी कशी मिळाली?

परवाना असलेल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालकाला काम करता येतं, फक्त त्याने प्रत्यक्ष बघून सही करायला हवी. स्पारसारखी मोठी दुरुस्ती ‘आयए’ हा अधिकार असलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी लागते आणि फॉर्म ३३७ भरावा लागतो. स्पार स्वतः बनवायचा तर नियम २१.९ मधली मालकाने आपल्या विमानासाठी बनवलेल्या भागाची तरतूद आहे. त्यातही भाग मंजूर आराखड्याबरहुकूमच हवा.

माझा सल्ला: लाकूड घेण्याआधी मेकॅनिक शोधा. लाकडी स्पार हाताळलेले मेकॅनिक आता थोडे आहेत आणि बहुतेक सत्तरीतले. सहीला कोणी तयार नसेल तर सुंदर स्पारही भिंतीवर टांगायच्या कामाचा. काम संपल्यावर वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने काढायला विसरू नका.

१९. भारतात असं करता येईल का? तिकडे अशी विमानं होती तरी का?

होती, आणि आपला त्यांच्याशी संबंध बराच जवळचा आहे. जुहूला १९२८ पासून बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे, जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली तिथूनच देशातला पहिला परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते ज्या पस मॉथमधून मुंबईला आले, त्याचेही पंख लाकडाचे आणि कापडाचे होते.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते ‘पुष्पक’. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेलं. ते चॅम्पच्या सख्ख्या भावंडाशी, अ‍ॅरोन्का ‘चीफ’शी इतकं मिळतंजुळतं आहे की इकडचे म्हातारे वैमानिक फोटो बघून फसतात. कंपनीच्या आराखडा विभागाचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे विमानही त्यांचंच. एखाद्या क्लबच्या मागच्या शेडमध्ये पुष्पकचा सांगाडा दिसला तर मला जरूर कळवा.

भारतात नोंदलेल्या विमानाचं काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत, परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीने चालतं. वर दिलेल्या अमेरिकन सवलती तिकडे गृहीत धरू नका. लाकूड, गोंद, तडे शोधणं, हे मात्र सगळीकडे सारखं.

२०. खर्च किती आला?

याच पैशात उडतं चॅम्प विकत मिळालं असतं. पुढचा आकडा घरात सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

२१. एवढं केल्यावर विमान बाहेर उभं ठेवता येईल का? हँगरचं भाडं परवडत नाही.

ठेवता येतं, पण मग पंखाच्या पोटाकडची भोकं ही तुमची जबाबदारी. प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी कापडाला एक छोटी कडी चिकटवून मधे भोक ठेवलेलं असतं, आत साचलेलं पाणी तिथून गळतं. रंगवताना ती बुजतात, नाहीतर गांधीलमाशी मातीने बुजवते. पाणी आत राहिलं की स्पारची खालची कड आधी जाते. दर पावसानंतर एका काडीने ती मोकळी करा.

दुसरा शत्रू उंदीर. पंख म्हणजे त्याला उबदार चाळ वाटते, आणि त्याच्या मुताने अ‍ॅल्युमिनियमची बरगडी खाल्ली जाते, लाकूडही भिजतं. माझ्या उजव्या पंखात कापड फाडल्यावर टोपीएवढं घरटं निघालं, नेमकं पुढच्या स्पारवर, आणि तिथलं लाकूड काळं पडलेलं होतं. उजवा पुढचा स्पार मला तड्यामुळे नाही, त्या उंदरामुळे बदलावा लागला. शेपटीकडच्या फटी जाळीने बंद करा, आणि विमानात बिस्किटाचा पुडा विसरू नका.